इंजिनात पाणी ओतायला सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘जुनी गाडी मिसिंग मारतेय? इंजिन खडखडतंय? गॅरेजवाल्याच्या घशात दहा हजार घालण्याआधी हे वाचा!’ अशा मथळ्याचा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. (मिसिंग म्हणजे एखाद्या सिलेंडरात पेट्रोल नीट न पेटल्यानं इंजिनाचं अडखळणं.) मी तो येईल तसा पुसून टाकत होतो. पण मिरजेच्या मामांनी तो मनावर घेतला. त्यांच्या कार्बोरेटरवाल्या (कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) मारुती ८०० चं एअर फिल्टरचं झाकण काढून, हातात पाण्याची बाटली धरून त्यांनी मला विचारलं, “ओतू का रे?” आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजातले उपाय असे आहेत. इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरमधून लिटरभर पाणी ओता, कार्बन धुऊन जाईल. इंजिन ऑइलमध्ये अर्धा लिटर रॉकेल घालून अर्धा तास गाडी फिरवा. आवाज राहिलाच तर जाड ऑइल टाका. मिसिंग म्हणजे ठिणगी पाडणारा प्लगच, तो गॅसवर लाल करून घासा. आणि एवढं करूनही फरक पडला नाही तर दोष पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा, सोडून द्या.

पाण्याचंच आधी घेऊ, कारण बाकीच्या उपायांनी इंजिन हळूहळू मरेल, यानं एका झटक्यात. मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलेंडरचं. म्हणजे एका सिलेंडरच्या वाट्याला साधारण २६५ सीसी. कम्प्रेशन रेशो (आतली हवा किती पट दाबली जाते ते) ९ च्या आसपास धरला तर पिस्टन वर टोकाला पोचतो तेव्हा त्याच्या डोक्यावर उरलेली जागा भरते ३३ मिलीच्या आसपास. दोन मोठे चमचे! हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. या दोन चमच्यांपेक्षा जास्त पाणी एका सिलेंडरात साचलं की पिस्टनला वर जायला जागाच नसते, आणि खालून क्रँक (पिस्टनला वर-खाली हलवणारा फिरता दांडा) तर त्याला ढकलतच असतो. मग वाकतो तो पिस्टन आणि क्रँक जोडणारा कनेक्टिंग रॉड. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी रेटणाऱ्यांचं इंजिन असंच जातं आणि बंद पडल्यावर पुन्हा पुन्हा सेल्फ मारणाऱ्यांचं तर हमखास.

‘पण हळूहळू ओतायचं’ असं मेसेज म्हणतो. हळू म्हणजे किती, ते सांगत नाही. बाटलीची धार मोजून पडत नाही. थोडं पाणी मॅनिफोल्डच्या (सिलेंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) तळाशी साचतं, इंजिन अडखळून बंद पडतं, आपण घाबरून चावी फिरवतो आणि साचलेलं सगळं एकाच सिलेंडरात ओढलं जातं. त्यातूनही वाचलात तर उरलेलं पाणी पिस्टनवरच्या रिंगांच्या फटीतून ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर दुधाळ फेस दिसतो. मूळ मिसिंग जिथल्या तिथे.

यात अर्धं सत्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. हेड गॅस्केट (इंजिन आणि त्याच्या वरच्या झाकणामधलं, म्हणजे हेडमधलं, पॅकिंग) उडून ज्या सिलेंडरात कूलंट झिरपतं, त्याचा पिस्टन उघडल्यावर लख्ख निघतो. वाफेनं कार्बन सुटतो, हे खरंच आहे. मेसेजात ‘दुसऱ्या महायुद्धातली विमानंही इंजिनात पाणी टाकायची’ असं वाक्य आहे, तेही खोटं नाही. अमेरिकेच्या पी-४७ थंडरबोल्टमध्ये ती सोय होती. फक्त तिथे मोजून, बारीक तुषार करून, पूर्ण ताकद हवी असताना तेवढ्यापुरतं पाणी जायचं, इंजिन नॉक करू नये, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसू नयेत म्हणून. कुणी वैमानिक पंखावर चढून बाटली रिकामी करत नव्हता.

रॉकेलबद्दल फार लिहीत नाही. मेकॅनिक रॉकेलनं पार्ट धुतात, पण तो पार्ट बाहेर काढलेला असतो. या गाडीत ऑइल तीनेक लिटरच बसतं. त्यात अर्धा लिटर रॉकेल म्हणजे ऑइल इतकं पातळ की बेअरिंगवरचा थर टिकत नाही, आणि सुटलेला चिखल ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो ते वेगळंच. अर्धा तास फिरवा म्हणे.

जाड ऑइलनं आवाज कमी होतो. होतोच. म्हणूनच जुनी गाडी विकणारे ते टाकतात. पण आवाज कुठून येतोय हे कळायच्या आधीच तो दाबून काय मिळवायचं? वरून बारीक, नियमित ‘टिक टिक’ येत असेल तर टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग) सैल. थंड इंजिनाला जोरात ‘चट चट’ आणि गरम झाल्यावर कमी, असं असेल तर बहुतेक वेळा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकतंय. ऐकणाऱ्याला ते टॅपेटच वाटतं आणि टॅपेट कितीही सेट केले तरी जात नाही. खालून जड ‘ठक ठक’ येतेय, चढावर वाढतेय आणि एका सिलेंडरचा प्लग बंद केल्यावर मऊ पडतेय, तर ते बिग एंडचं, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं बेअरिंग. तिथे गाडी उभी करायची, ऑइल बदलत बसायचं नाही.

आणि जो टॅपेट वाजतच नाही तो चांगला, हाही गैरसमज. एलपीजीवर वर्षानुवर्षं पळालेल्या ओम्नीत व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची फट संपते. आवाज शून्य. पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आयडलिंगला मिसिंग सुरू होतं आणि एक दिवस व्हॉल्व्ह जळतो.

मिसिंग म्हणजे प्लगच, हे निम्म्या वेळा बरोबर निघेल, म्हणून तर असले मेसेज चालतात. पण प्लग गॅसवर लाल करू नका, त्यातली चिनी माती तडकते. गरम इंजिनातून तो खोलूही नका, हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे जातात. थंड झाल्यावर काढा आणि रंग बघा. तपकिरी-राखाडी ठीक, काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओला तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. मग संशयित प्लग शेजारच्या सिलेंडरात लावा. मिसिंग प्लगबरोबर तिकडे गेलं तर प्लग दोषी. जागेवरच राहिलं तर वायर, प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण किंवा त्या सिलेंडरचं कम्प्रेशन. रात्री अंधारात बॉनेट उघडून बघा, फुटलेल्या वायरीतून ठिणगी चक्क दिसते. चालू इंजिनाची वायर हातानं उपसणाऱ्यांना एवढंच सांगतो, तिथे हजारो व्होल्ट असतात.

इथेनॉलचा मुद्दा मात्र पूर्ण झटकता येत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातच लिहिलंय की बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला (१० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) जुळवून घेतलेल्या चारचाकींचं मायलेज ई-२० वर (२० टक्के इथेनॉलवर) ६ ते ७ टक्के घटू शकतं. कार्बोरेटरला मिश्रण आपोआप जुळवता येत नाही, जुने रबरी पाइपही बिघडू शकतात. ते बदला. पण इथेनॉल तिन्ही सिलेंडरना सारखंच मिळतं. एकच सिलेंडर मरत असेल तर टाकीला दोष देऊन काय होणार?

राहिला गॅरेजवाला लुटतो हा मुद्दा. काही लुटतात. काहीही न मोजता ‘हाफ इंजिन (इंजिन अर्धं खोलून दुरुस्ती) करावं लागेल’ म्हणणारे मीही पाहिलेत. त्यावर उपाय पाण्याची बाटली नाही, कम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलेंडरातला दाब मोजणं) आहे. हेड खोलायच्या आधी तिन्ही सिलेंडरचे आकडे कागदावर लिहून मागा. एखादा कमी असेल तर त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन एकदम कमी आले तर त्या दोघांमधलं गॅस्केट. एवढं करायला जो तयार नाही त्याला हेडचा बोल्टही सैल करू देऊ नका.