‘प्रत्येक शिक्षकाला ५० हजार’ हा मेसेज पुढे पाठवू नका

रविवारी रात्री साडेदहाला भाचीचा फोन. ती भोर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. “मावशी, ९९९ रुपये भरू का गं? आज शेवटची तारीख आहे म्हणतात.” मेसेज तिला शिक्षकांच्या ग्रुपवर मिळाला होता. सकाळी बघते तर आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तोच, खाली शुभेच्छांचे हात जोडलेले.

मेसेज थोडक्यात असा: सीएसआर म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या कायद्याने प्रत्येक शिक्षकाला वर्गातल्या प्रकल्पासाठी ५० हजार रुपये मिळण्याचा हक्क आहे, पैसे थेट शिक्षकाच्या खात्यात येतात, सरकार शाळांना दमडीही देत नाही, परदेशी वेबसाइटवरूनही निधी मिळतो. तेव्हा लिंकवर आधार क्रमांक, पासबुकाचा फोटो आणि ‘नोंदणी शुल्क’ भरा.

आधी त्या शुल्काचं बोलते, कारण खरा घात तिथे आहे. भाचीचा आधार क्रमांक टाकून झाला होता. पासबुकाचं पहिलं पान उशीवर उलगडून त्याचा फोटोही काढला होता. ओटीपी तेवढा राहिला होता. अहो, ज्याला तुम्हाला पैसे द्यायचेत तो आधी तुमच्याकडून कशाला घेईल? नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून शिकायच्या प्रयोगशाळेसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान असतं. त्या अर्जालाही शुल्क नाही. आणि आधार, पासबुक, ओटीपी तिन्ही एकाच अनोळखी माणसाच्या हातात गेलं, तर प्रश्न ९९९ रुपयांवर थांबत नाही. ज्यांनी भरलेत त्यांनी लाजत बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे हाती लागणं कठीण.

आता कायदा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता (नेट वर्थ) किमान ५०० कोटी, उलाढाल किमान १००० कोटी किंवा निव्वळ नफा किमान ५ कोटी असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. त्या कामांच्या यादीत शिक्षण आहे, हे मान्य करावंच लागेल. पण बंधन कंपनीवर आहे, हक्क कुणा एका शिक्षकाचा नाही. कोणती शाळा, कोणतं काम, हे कंपनी ठरवते. ते काम ती स्वतः करते किंवा नोंदणीकृत न्यास, संस्थेमार्फत करून घेते. अशा संस्थांना १ एप्रिल २०२१ पासून सरकारकडे सीएसआर-१ नोंदणी सक्तीची आहे. शिक्षकाच्या बचत खात्यात ५० हजार टाकण्याची वाट या कायद्यात कुठेही नाही. याच कलमात कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही लिहिलंय. चाकण, रांजणगावच्या कारखान्यांच्या आजूबाजूच्या शाळांनी खरं तर हे वाक्य धरून पत्र लिहायला हवं: शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीने, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडून.

‘सरकार दमडीही देत नाही’ हे खोटं. समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेत संयुक्त शाळा अनुदान आहे. केंद्राच्या निकषात १०१ ते २५० पटाच्या शाळेला ५० हजारांपर्यंत, ३१ ते १०० पटाला २५ हजारांपर्यंत. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर जातात. मात्र पैसे वेळेवर येत नाहीत, ही तक्रार खरी आहे. मी मुख्याध्यापिका असताना एका वर्षी ते फेब्रुवारीत आले आणि मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे खर्च झाल्याचा दाखला, मागितलं. खडू-फळ्याचा खर्च तोवर आम्ही पदरचा केला होता. शिक्षक असल्या मेसेजला का भुलतात, ते मला कळतं. म्हणूनच पाठवणाऱ्यांचा जास्त राग येतो.

परदेशी वेबसाइटचं दोन ओळींत. मेसेजमध्ये डोनर्सचूजचं नाव आहे. ती अमेरिकेतल्या सरकारी शाळांसाठी आहे, आणि तीसुद्धा शिक्षकाला रोकड देत नाही, साहित्य विकत घेऊन शाळेत पाठवते. आपल्याकडे शिक्षण मंत्रालयाचं विद्यांजली पोर्टल आहे. शाळा आपल्या यु-डायस, म्हणजे सरकारी ओळख क्रमांकाने नोंदणी करून गरज टाकते, आणि लोक वस्तू किंवा वेळ देतात.

भाचीला विचारलं, तुला नक्की हवंय काय? वही उघडून तिने वाचलं: मोजमापाच्या धड्यासाठी तागडी, ५० ग्रॅमपासून १ किलोपर्यंतची वजनं, लिटरची मापं. म्हटलं, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आधी त्यांच्यापुढे ही यादी ठेव. एका पालकांचं किराणा दुकान आहे. इलेक्ट्रॉनिक काटा घेतल्यापासून त्यांची तागडी माळ्यावर पडून होती. बुधवारी ती वर्गात आली. मुलांनी आधी आपापले डबे तोलले. वजनं अजून नाहीत, सध्या दगडांवर भागतंय. ती विद्यांजलीवर टाकायला तिने मुख्याध्यापकांना सांगितलंय.