महाराणीच्या आधीचा रामा शेट्टी

सदाशिव अमरापूरकर यांची कारकीर्द मी उलट्या क्रमाने पाहिली. लहानपणी टीव्हीवर आधी त्यांनी रंगवलेली ‘सडक’मधली महाराणी, कुंटणखाना चालवणारी तृतीयपंथी खलनायिका, पाहिली आणि त्या रात्री दिवा चालू ठेवून झोपलो, ‘अर्धसत्य’ मात्र कितीतरी वर्षांनी, कॉलेजात असताना पाहायला मिळाला. त्यामुळे त्यातला त्यांचा गुंड रामा शेट्टी पडद्यावर येणार म्हटल्यावर मी काहीतरी भडक, किंचाळणारे आणि डोळे गरागरा फिरवणारे पाहायच्या तयारीने बसलो होतो. प्रत्यक्षात समोर आला तो स्वतःच्या घरात निवांत असलेला, जवळजवळ कंटाळलेला माणूस. ओम पुरी यांचा पोलीस अधिकारी वेलणकर अंगभर ताठलेला, जबडा आवळलेला. आणि त्याच्यापुढे हा शेट्टी असा सैल, की लोक आपल्याला घाबरतात याची त्याला पुरेपूर सवय झाली असावी आणि आवाज चढवण्याची गरजच उरली नसावी. शेवटी कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात अडकलेला वेलणकर त्याच्याच दारात मदत मागायला येतो, तेव्हा शेट्टीला होणारा आनंद पाहावा. शत्रूवर मात केल्याचा उन्माद त्यात नाही; एखादे जुने येणे आपल्या पायांनी चालत घरी आल्याचे समाधान आहे. त्या समाधानापायीच त्याचा गळा आवळला जातो.

चित्रपट 1983 सालचा. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानी यांचे. अमरापूरकर तेव्हा हिंदी प्रेक्षकाला अनोळखी होते. मराठी रंगभूमीवर त्यांनी बराच काळ काम केलेले होते, ‘22 जून 1897’ या चित्रपटात ते लोकमान्य टिळक झाले होते, आणि ‘हँड्स अप’ या नाटकात निहलानींनी त्यांना हेरले होते. मोजक्याच प्रसंगांच्या या भूमिकेने त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळवून दिले.

विक्षिप्त भूमिका करणारा नट, असा शिक्का त्यांच्यावर नंतर बसला आणि मृत्यूनंतरच्या लेखांतही तो पुसला गेला नाही. मला तो अर्धवट वाटतो, कारण विक्षिप्तपणा ‘करून दाखवणे’ ही त्यांची पद्धतच नव्हती. ते पात्रातली एखादीच गोष्ट तिरपी करत आणि बाकी सगळे सरळ ठेवत. महाराणीचेच पाहा. साडी, ठसठशीत कुंकू आणि दागिने एवढ्यावर एखादा नट थांबला असता, किंवा आवाज बारीक करून, हात नाचवून मोकळा झाला असता. अमरापूरकरांनी आवाज आपला, पुरुषी आणि खरखरीतच ठेवला, आणि कुंटणखान्याच्या मालकिणीचा हिशेबी थंडपणा चेहऱ्यावर आणला. वेश एक सांगतो, गळा दुसरेच सांगतो आणि डोळे दोन्हीकडे दुर्लक्ष करून समोरच्याची किंमत करत असतात. भीती या फटीतून येते. फिल्मफेअरने खलनायकासाठी वेगळे पारितोषिक सुरू केले, तेव्हा ते पहिल्यांदा याच भूमिकेला मिळाले.

इथे एक कबुली दिली पाहिजे. आज ‘सडक’ पाहताना मला त्या भीतीची थोडी लाज वाटते. तृतीयपंथी म्हणजे क्रूर, विकृत आणि धंदेवाईक, हे समीकरण त्या चित्रपटाने आपल्या पिढीच्या डोक्यात घट्ट केले, आणि भूमिका जितकी उत्तम वठली तितके ते समीकरण पक्के झाले. दोष नटाचा म्हणावा की लिहिणाऱ्याचा, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख देणारा निकाल एप्रिल 2014 मध्ये दिला आणि त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला अमरापूरकर गेले. हा निव्वळ योगायोग, पण महाराणी आठवली की मला तो आठवतोच.

माझी खरी तक्रार हिंदी चित्रपटसृष्टीविषयी आहे. ‘हुकूमत’ (1987) तुफान चालला आणि तेव्हापासून त्यांच्याकडून खलनायकाचा नुसता साचा मागितला जाऊ लागला: चित्रविचित्र पोशाख, एखादे पालुपद, शेवटी नायकाच्या हातून मार. हाताला काम मिळत होते, तेव्हा नटाने नाके मुरडावीत असे मी म्हणणार नाही. त्यातल्या त्यात सुटका विनोदी भूमिकांत झाली. ‘कुली नंबर वन’मधला लग्न जुळवणारा शादीराम घरजोडे अपमान गिळून सूड घ्यायला निघतो, आणि चित्रपटातला सारा धुडगूस त्या एका दुखावलेल्या मध्यस्थामुळे सुरू होतो. गोविंदा आणि कादर खान यांच्या आतषबाजीत शादीरामकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. पण पुन्हा पाहाल तर जाणवेल की त्या गोंधळात खरोखर अपमान झाल्यासारखा वागणारा माणूस तो एकटाच आहे. ‘इश्क’मधला श्रीमंत बाप मात्र मी सोडून देतो.

मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी त्यांना ‘दोघी’ आणि ‘वास्तुपुरुष’मध्ये घेतले, तेव्हा तो जुना संयमी नट पुन्हा दिसला. हिंदीने त्याची आठवण फार उशिरा काढली. ‘बॉम्बे टॉकीज’ (2013) मधल्या दिबाकर बॅनर्जी यांच्या कथेत नवाजुद्दीन सिद्दीकी हे एक अपयशी नट आहेत, ज्यांना चित्रीकरणात उभे राहण्याचे किरकोळ काम मिळते, आणि त्यांना खडसावायला त्यांचे दिवंगत नाट्यगुरू कल्पनेतून अवतरतात. ते गुरू म्हणजे अमरापूरकर. काही मिनिटांचा प्रसंग. लहानशा कामातही नटाने काय करायचे असते, हे त्यांना तिथे दुसऱ्याला सांगायचे होते. आणि दिग्दर्शकाला ते त्यांना समजावून सांगावे लागले असेल, असे वाटत नाही.