फी शून्य, बाकी विचारू नका

इंग्लंडमधे सरकारी प्राथमिक शाळा फुकट असते हे मला आत्तापर्यंत इतक्या लोकांनी सांगितलंय की आता समोरच्याने 'अगं तिकडे शाळा' एवढं म्हटलं की 'फुकट असते' मीच म्हणून टाकते. सोसायटीतल्या काकांनी सांगितलं, ऑफिसातल्या मुलीने सांगितलं, भाजीवाल्या मावशींनीपण सांगितलं (त्यांचा भाचा तिकडे आहे, कोथरूडमधे प्रत्येकाचा कुणी ना कुणी तिकडे आहे). आणि ते खोटं नाहीये. वर्क व्हिसावर गेलात तर पब्लिक फंड्स, म्हणजे सरकारी मदत, मिळणार नाहीत म्हणून लिहिलेलंच असतं, चाइल्ड बेनिफिट वगैरे विसरा, पण सरकारी शाळा त्या फंड्समधे धरत नाहीत, त्यामुळे पोरांना शाळा मिळते आणि फी नसते.

कंपनी मला तीन वर्षांसाठी रेडिंगला पाठवतेय, नवरा आणि दोन पोरं डिपेंडंट म्हणून सोबत. मोठा दुसरीत, धाकटी ज्युनिअर केजीत. नवऱ्याने त्याच रात्री एक्सेल उघडली, 'शाळेची फी' या ओळीत शून्य टाकला आणि त्या शून्याकडे अशा काही नजरेने बघत बसला की लग्नाच्या अल्बममधेपण त्याची ती नजर नाही. इथे आम्ही टर्म फी, ॲक्टिव्हिटी फी, व्हॅनकाका, शाळेतूनच घ्यायची वह्या-पुस्तकं (जी अप्पा बळवंत चौकात कमी किमतीत मिळतात पण शाळेचं कव्हर असलेली मिळत नाहीत) असं सगळं भरून भरून कंबर मोडलेली माणसं. वर्षाची फी एप्रिलमधेच भरून झालेली, परत मिळेल का विचारलं तर शाळा म्हणाली फी नाही मिळणार पण लिव्हिंग सर्टिफिकेट उद्या देतो. तेवढी तत्परता त्यांनी याआधी कधी दाखवली नव्हती.

तर शून्य. दोन दिवस तो शून्य घरात पाहुण्यासारखा राहिला. मग मी वाचायला लागले.

पहिली गोष्ट म्हणजे तिकडे प्रवेश कौन्सिलमार्फत (म्हणजे तिकडची महापालिका), आणि वर्षाच्या मधेच पोचलात तर जिथे जागा असेल तिथे. अंतर बघतात, म्हणजे घर शाळेच्या जितकं जवळ तितका नंबर वर, आणि चांगल्या शाळेच्या आजूबाजूच्या गल्ल्यांचं भाडं बघितल्यावर लक्षात आलं की फी आहे, फक्त ती घरमालकाला द्यायची. शिवाय पत्ता असल्याशिवाय जागा नाही आणि कुठली शाळा मिळणार ते कळल्याशिवाय आम्ही पत्ता ठरवायचा नाही म्हणतोय, मग बसा. त्यात रिसेप्शन (इयर वनच्या आधीचा वर्ग), इयर वन आणि इयर टूच्या वर्गात तीसच्या वर मुलं घ्यायची नाहीत असा कायदाच आहे, त्यामुळे धाकटीला एका शाळेत आणि मोठ्याला भलत्याच शाळेत असंही होऊ शकतं. आठ वर्षांखालच्या मुलाला सर्वात जवळची शाळा दोन मैलांपेक्षा लांब असेल तर कौन्सिल फुकट ने-आण देतं, म्हणजे सव्वातीन किलोमीटरच्या आत असेल तर चाला. आमचा मुलगा सोसायटीच्या गेटपर्यंत जायला स्कूटर मागतो.

इयत्तेचंही गंमतशीर आहे. तिकडे वय बघून बसवतात, त्यामुळे आमचा दुसरीतला जातोय डायरेक्ट इयर थ्रीत. सासूबाईंनी लगेच फोन करकरून सगळ्यांना सांगितलं की नातू एक इयत्ता वर चढला, परीक्षा न देता. मी त्यांचा आनंद तसाच राहू दिला, कारण इयर थ्रीचा आर्थिक अर्थ मला नुकताच कळला होता: इंग्लंडमधे शाळेतलं जेवण इयर टूपर्यंतच सरसकट फुकट आहे. हाच मुलगा एक वर्ष लहान असता तर आमचे पैसे वाचले असते, पण आता जन्मतारीख कुठे बदलणार.

जेवणाचे दिवसाला अडीच-तीन पौंड. पौंड म्हणजे आम्ही डोक्यात सरळ एकशे वीस धरतो, शाळा वर्षाचे १९० दिवस, तीनने गुणलं तर ५७० पौंड, म्हणजे ६८,४०० रुपये. आणि शाकाहारी पोराला काय मिळतं तर बऱ्याचदा सालासकट भाजलेला बटाटा, वर टोमॅटोच्या रसातला राजमा.

"अडुसष्ट हजाराचा बटाटा?" आई म्हणाल्या. (सासूबाईंना मी आईच म्हणते.)

"आई, वर्षभराचा आहे तो."

"मग पोळीभाजीचा डबा दे की."

डबा द्यायला कुणी अडवत नाही, पण तो सकाळी सहाला उठून कोण करणार यावर आमची एक्सेल गप्प आहे.

खरा दणका पुढे होता. शाळा सव्वातीनच्या सुमारास सुटते. मी साडेपाचपर्यंत ऑफिसात, नवऱ्यालाही डिपेंडंट म्हणून नोकरी करता येते आणि तो करणार आहे, मग सव्वातीन ते सहा पोरं कुठे? त्यासाठी आफ्टर-स्कूल क्लब असतो, एका मुलाचे दिवसाला दहा-पंधरा पौंड. बारा धरले तरी दोघांचे चोवीस, गुणिले १९०, ४,५६० पौंड, साडेपाच लाखाला थोडेच कमी. सकाळी लवकर सोडायचं असेल तर ब्रेकफास्ट क्लब वेगळा. हे मी मोठ्याने वाचलं आणि ते वाचायला नको होतं असं नवऱ्याच्या चेहऱ्यावर दिसलं, कारण समोर आई शेंगा सोलत होत्या आणि त्यांचे हात थांबले.

"म्हणजे व्हॅनमधून उतरवून घ्यायचं, खायला द्यायचं आणि तुम्ही येईपर्यंत सांभाळायचं, याचे साडेपाच लाख?"

"हो."

"आणि जेवण त्यात धरलेलं नाही."

"नाही, नुसता स्नॅक."

आई काही बोलल्या नाहीत. पण त्या संध्याकाळी चहा नवऱ्याने केला, आणि दुसऱ्या दिवशी पोरांना व्हॅनवरून घेऊन वर आल्यावर त्यांनी सोफ्यावर बसून शांतपणे 'मला जरा पाणी दे' म्हटलं ते आजवरच्या सगळ्या पाण्यापेक्षा वेगळं होतं. त्यांना व्हिजिटर व्हिसावर नेता येईल, पण एका वेळी सहा महिने. आणि त्या म्हणतात मी येईन ते फिरायला येईन.

हेल्थ सरचार्जचं (व्हिसासोबत तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायचे पैसे) तर मी त्यांना सांगितलंच नाही. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६, आम्ही चौघं, तीन वर्षं, आणि सगळे आधीच भरायचे: १०,८६६ पौंड, तेरा लाख रुपये. शाळेशी याचा संबंध नाही असं नवरा म्हणतो, पण दोन पोरांचेच त्यातले साडेपाच लाखाच्या वर होतात, मग मी ते शाळेतच धरते. सुदैवाने कंपनी भरतेय. तुम्ही जाणार असाल तर ऑफर लेटरवर सही करायच्या आधी हे एकच विचारा, बाकी बोनस वगैरे नंतर.

बाकी चिल्लर खर्च आहेतच. लोगोवाला जंपर म्हणजे स्वेटर (बाकीचे पोलो टीशर्ट आणि करड्या पँटी सुपरमार्केटात स्वस्त मिळतात, काकांच्या सांगण्यावरून लक्ष्मी रोडवर शिवून नेऊ नका, काकांचा मुलगा तिकडे एकटा राहतो), पावसाळी बूट, थंडीचा कोट, मार्चमधे वर्ल्ड बुक डे आला की पुस्तकातल्या पात्राचा ड्रेस, अधूनमधून गणवेश न घालता यायचं आणि त्याचा एक पौंड द्यायचा. सहलीला व्हॉलंटरी कॉन्ट्रिब्युशन. ते खरोखर ऐच्छिक असतं, दिलं नाही म्हणून पोराला मागे ठेवता येत नाही, पण पुरेसे जमले नाहीत तर सहलच रद्द होते, म्हणजे अख्खा वर्ग तुमच्याकडे बघणार. पुण्यातली डोनेशन बरी, निदान स्पष्ट सांगतात. धड फुकट असं एकच सापडलं, बालभारतीची पुस्तकं, पीडीएफ उतरवून घेता येतात आणि तेवीस किलोच्या बॅगेत वजनही नाही. परत आल्यावर मराठी लागणारच आहे, महाराष्ट्रात २०२० पासून सगळ्या बोर्डांना सक्तीची आहे.

आता दंड. तिकडे शाळा चालू असताना पोरांना परवानगीशिवाय नेलं तर दंड होतो, आणि तो एका मुलामागे प्रत्येक पालकाला वेगळा, ८० पौंड, एकवीस दिवसांत नाही भरला तर १६०. दोघं आई-बाप, दोन मुलं, ३२०. आणि मोठी सुट्टी जुलैअखेर ते ऑगस्ट, म्हणजे आंबा संपल्यावर. मे महिन्याच्या शेवटी आठवडाभर असते, तेवढ्यात रेडिंगहून कोथरूड, कोथरूडहून रत्नागिरी आणि परत, कशाला.

इथे मात्र आमच्या घरातल्या सगळ्यांची डोकी एकदम चालली. नवऱ्याने शोधलं की सुट्टीतली आणि एरवीची चार तिकिटं यातला फरक दंडापेक्षा कितीतरी जास्त आहे, म्हणजे दंड भरून येणं स्वस्त. मी शोधलं की दंडाचा विचार साधारण दहा आठवड्यांत पाच दिवस बुडाल्यावर करतात, म्हणजे चारच बुडवायचे, मधे शनिवार-रविवार, झाले सहा, त्यातले दोन विमानात आणि एक्सप्रेस वेवर. आईंनी शोधलं की धाकटीला फेब्रुवारीत पाच पूर्ण होतात आणि शाळेची सक्ती त्यानंतरच्या टर्मपासून, तर तोवर तिला कितीही दिवस इथे ठेवा.

मग नवऱ्याने पुढचं वाचून दाखवलं: तीन वर्षांत त्याच मुलासाठी दुसऱ्यांदा दंड झाला तर सरळ १६०, कमी वगैरे काही नाही, आणि तिसऱ्यांदा दंड नाहीच, कोर्टाची पाळी.

"म्हणजे तीन वर्षांत दोन लग्नं बसतात," आई म्हणाल्या.

सध्या घरात यावरून वाद चालू आहे. एक जागा माझ्या मावसभावाची, त्याचं डिसेंबरात ठरलंय, त्यावर कुणाचं काही म्हणणं नाही. दुसरी आईंना त्यांच्या नाशिकच्या भाचीसाठी हवीये, जिचं अजून कुठे जमलेलंच नाही, पण आई म्हणतात जागा आत्ताच अडवून ठेव, एक्सेलमधे नाव टाक तिचं.