घरचा पाऊस

परवा पहाटे पाचला कपाळावर टपकन थेंब पडला. डिसेंबर, पुणे, आभाळात ढगाचं पिल्लूही नाही. आमच्या गच्चीवरच्या दोन खोल्यांना वर पत्रा, त्याखाली ग्लासवूल (काचेच्या तंतूंची, ऊब राखणारी गादी), त्याखाली पीओपी. एवढे थर तर थंडीत माझ्याही अंगावर नसतात.

कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. "पाऊस नाही म्हणजे गळती नाही साहेब," म्हणाला आणि ठेवलाच.

खालचे काका मात्र लगेच वर आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पाण्याबद्दल दुसऱ्या कुणाला मत असू शकतं हे त्यांना मान्य नाही. खुर्चीवर चढले, सीलिंगवरच्या डागाला बोट लावलं आणि ते चक्क चाटलं.

"गोडं आहे."

"म्हणजे?"

"समुद्राचं नाही."

ही शक्यता मी खरंच धरली नव्हती.

"टाकी फुटलीय."

"काका, टाकी पलीकडच्या विंगवर आहे."

"पाणी वाट काढतं. धरणं पाहिलीत मी."

"धरणं गळतात?"

"धरण गळत नाही. पाझरतं." आणि खुर्चीवरूनच चहा मागितला.

चहा उकळत असताना भाचीचा फोन आला. ती सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. सगळं ऐकून म्हणाली, "मामा, पाऊस तूच पाडतोयस." निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. त्यात मधे ग्लासवूल, म्हणजे खोलीची ऊबही त्याला मिळत नाही. खोलीत 22 अंश आणि 65 टक्के आर्द्रता असली, की 15 अंशांखालच्या कशावरही पाणी धरतं. आणि आपल्याकडे तर अंघोळीची वाफ, कुकरची वाफ, शिवाय गॅस जळतानाही पाणी तयार होतं: 14.2 किलोच्या एका सिलेंडरमधून 22 लिटरच्या आसपास! (हे पाणी निदान बिलात तरी वजा करावं.) ती सगळी वाफ दिव्यांसाठी पाडलेल्या सहा भोकांतून वर जाते. मग ग्लासवूल भिजतं, आणि भिजलं की ऊबही राखत नाही.

वाफ अडवायला ग्लासवूलखाली, खोलीच्या बाजूला फॉइल असतं. तेही आहे. फक्त त्याच्या सांध्यांना टेप लावलेली नाही. टेपेचा रोल तो केवढ्याचा! घासाघीस केल्यावर "क्वालिटीत तडजोड नको साहेब" म्हणणारा हाच माणूस. बिलात मात्र त्याच्या कुठे फट नाही. आता पीओपी फोडायचं, पुन्हा करायचं, आणि तेही बहुधा माझ्याच खर्चानं.

काका चहा पिऊन गेले ते थेट सोसायटीच्या ग्रुपवर. टाकी तपासायची म्हणून आज सकाळपासून इमारतीचं पाणी बंद आहे. सध्या पाणी येतंय ते फक्त माझ्या सीलिंगमधून.