अत्याधुनिक कोंडवाडा बांधण्याची सोपी पद्धत

परवा एका पालिकेच्या 'अत्याधुनिक प्राणी निवारा केंद्रा'ची फीत कापली गेली. महिना व्हायच्या आत पिल्लांचे पिंजरे रिकामे झाले. दत्तक गेली म्हणून नव्हे. असं यश तुमच्याही गावाला लाभावं म्हणून थोडं मार्गदर्शन.

जागा कचरा डेपोला लागूनच घ्या. तिथे बस जात नाही, म्हणजे दत्तक घ्यायला कुणी येऊन कुत्र्यांची झोपमोड करणार नाही.

फरशी चकचकीत व्हिट्रिफाइडच हवी. फोटोत छान दिसते, त्यावर कुत्र्याचे पाय घसरतात आणि फरशीच्या सांध्यांत मूत मुरतं. उतार नको, पाणी साचलं तर साचू दे. नाली एकच, उघडी, सगळ्या पिंजऱ्यांच्या पुढून वाहणारी. म्हणजे पहिल्या पिंजऱ्यातल्या आजारी पिल्लाची हगवण दहाव्या पिंजऱ्यापर्यंत फुकट पोचते. पार्व्होचा, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या हगवणीचा, विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने तग धरतो आणि फिनाईलला भीक घालत नाही, हे वास्तुविशारदाला सांगू नका, बिचाऱ्याचा मूड जाईल. खरं तर प्रत्येक पिंजऱ्याला वेगळी मोरी, पन्नास फुटांना एक फूट उतार आणि भिंत-फरशीच्या कोपऱ्यात गोलाई, एवढंच लागतं. आधी साबणाने घासून घाण काढायची, मग सोडियम हायपोक्लोराइट (५ टक्क्यांचं ब्लीच) एकाला तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवायचं. घाणीवरच ओतलं तर ते वाया जातं. सफाईचा क्रम निरोगी पिल्लं, मग मोठी कुत्री, मग नवी आलेली, शेवटी आजारी. तुमच्याकडे एकच फडका आजारी वॉर्डातून सुरू होतो! दाराशी ठेवलेल्या कुंड्यांना मात्र रोज स्वच्छ पाणी.

मांजरांची खोली कुत्र्यांच्या बरोबर समोर ठेवा, आणि तीही फिनाईलनेच पुसा. पंजे चाटून मांजरांना विषबाधा झाली की जागा आपोआप रिकामी होते.

फाटक एकच ठेवा, दुहेरी फाटकाचे पैसे वाचतात आणि कुत्रीही पळतात.

आता गणित. रोज २० नसबंदी करण्याची घोषणा करा आणि पिंजरे बांधा २४. शस्त्रक्रियेनंतर जनावर किमान चार दिवस ठेवायचं असतं, म्हणजे ८० पिंजरे लागतात. पण टेंडरमध्ये गुणाकार कुठे असतो? मग दुसऱ्याच दिवशी, टाके ओले असताना, कुत्रं गाडीत घालून मिळेल त्या चौकात सोडायचं. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे २०२३ चे केंद्राचे नियम जिथून पकडलं तिथेच सोडा म्हणतात. असू देत.

रेबीजची लस फ्रीजमध्ये डब्याशेजारी ठेवा. २ ते ८ अंश वगैरे कुणी पाहत नाही. वीज गेली की इन्व्हर्टर साहेबांच्या केबिनला.

अहो, टेंडर काढायच्या आधी एका पशुवैद्याला नकाशा दाखवायला काय जात होतं? चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला एक वेगळी खोली नाही तुमच्याकडे, आणि दारात सेल्फी पॉइंट आहे! कर भरणाऱ्यांच्या पोराला कुत्रं चावल्यावर पालक कुठे धावणार? त्या पॉइंटवर? आधी ती नाली फोडा, प्रत्येक पिंजऱ्याची मोरी वेगळी करा. नावाची पाटी धुवायला पुढे वेळ आहे.