घड्याळात सोळाशे भरले, मैदानात नाही

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठलाही ग्रुप उघडा, तो आहेच. मेसेज म्हणतो: फिटनेस घड्याळ थेट उपग्रहाशी जोडलेलं असतं, म्हणून त्यातलं अंतर मीटरपर्यंत बरोबर, मैदानावरची चुन्याची रेघ चुकेल, उपग्रह चुकणार नाही. दहा हजार पावलं म्हणजे कुणाचेही आठ किलोमीटर. घाटात अंतर कमी दिसतं ते चढामुळे. आणि सातपुड्यात रेंज नसते, म्हणून तिथे घड्याळ अंतर मोजतच नाही.

यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही. पहिल्या वाक्यावर भरवसा ठेवून पोरं रोज पहाटे पळताहेत, म्हणून सुरुवात तिथूनच.

‘घड्याळ उपग्रहाशी जोडलेलं असतं.’ सगळी नसतात. स्वस्त मनगटी बँडमध्ये बहुतेक वेळा जीपीएस, म्हणजे उपग्रहांवरून जागा काढणारी यंत्रणा, नसतंच. आत असतो तो हालचाल टिपणारा सेन्सर, ॲक्सेलरोमीटर. हाताच्या हेलकाव्यावरून तो पावलं मोजतो आणि घड्याळ त्या आकड्याला पावलाच्या लांबीने गुणतं. ही लांबी कुणी मोजलेली नसते. ॲपमध्ये तुम्ही जी उंची भरली, तिच्या साधारण ४१ टक्के धरली जाते. काही घड्याळं फोनचं जीपीएस उसनं घेतात. फोन मैदानाच्या कडेला बॅगेत ठेवून तुम्ही लांब पळालात, की ती पुन्हा पावलांवर येतात. स्क्रीनवरचा आकडा मात्र तसाच ठाम दिसतो, आणि घोटाळा इथेच होतो.

हात हलला नाही, तर पावलंही नीट मोजली जात नाहीत. रावेर-यावलकडे केळीची काढणी बघा. मजूर घड डोक्यावर घेतो, दोन्ही हातांनी धरतो आणि वाफ्यातून बांधापर्यंत झपाझप जातो. मनगट जवळजवळ स्थिर. त्याच्या हातात बँड बांधला, तर दिवसभराच्या चालण्यातला बराच भाग गळेल. सप्तशृंगी गडाला पायी निघालेल्या, हातात झेंडा घट्ट धरलेल्या माणसाचंही तेच. उलट घरी कळण्याची भाकरी थापताना हात तालात हलतो, आणि काही घड्याळं तीही पावलं धरतात.

आता ज्या घड्याळात खरंच जीपीएस आहे त्याचं बघू. उपग्रह अंतर मोजत नाही. तो फक्त स्वतःची वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतो. चार किंवा जास्त उपग्रहांचे संदेश किती वेळात पोचले, यावरून आपण कुठे आहोत ते घड्याळ स्वतः काढतं. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनचीही ही जागा साधारण पाच मीटर इकडेतिकडे असते. घड्याळ दर सेकंदाला, किंवा बॅटरी वाचवायला काही सेकंदांनी, असा एकेक ठिपका नोंदवतं आणि ठिपके सरळ रेघांनी जोडतं. त्या रेघांची बेरीज म्हणजे तुमचं अंतर. ठिपके डावी-उजवीकडे सरकले की रेघ नागमोडी होते आणि अंतर वाढतं. वळणावर ठिपके विरळ पडले की कोपरा कापला जातो आणि अंतर घटतं. जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठाने झाडांखालून चालताना किंवा गावातल्या अरुंद गल्लीत सिग्नल पानांत अडतो, भिंतींवर आपटून येतो. तिथे ही चूक आणखी वाढते.

भरतीच्या मुलांसाठी हा हिशेब जिवाचा आहे. पोलीस शिपाई पदाच्या मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण मुलांच्या १६०० मीटर धावण्याला आहेत, आणि ते सेकंदांवर कमी-जास्त होतात. समजा घड्याळ तीन टक्के जास्त दाखवतंय. म्हणजे त्यात १६०० झाले तेव्हा तुम्ही प्रत्यक्षात १५५३ मीटरच्या आसपास आहात. ५ मिनिटे १० सेकंदांत १६०० मीटर या वेगाने उरलेले ४७ मीटर म्हणजे नऊ सेकंद. “दादा, घडीमा तं सोळाशे व्हई ग्यात,” असं धापा टाकत सांगणारा पोरगा खोटं बोलत नसतो. पण भरतीच्या दिवशी मोजलेलं मैदानच धरलं जातं, मनगटावरचा आकडा कुणी विचारत नाही.

मैदानावरही लेन बघून पळायला हवं. ४०० मीटर ही ट्रॅकच्या पहिल्या, सगळ्यात आतल्या लेनमधल्या एका फेरीची लांबी. दुसऱ्या लेनमधून पूर्ण फेरी मारली तर ती ४०७ मीटर होते, आठव्यातून ४५३. दुसऱ्या लेनमधून चार फेऱ्या मारणारा २८ मीटर जास्त पळतो. इथे घड्याळाने १६००पेक्षा जास्त दाखवलं, तर घड्याळ कदाचित बरोबर असेल.

‘दहा हजार पावलं म्हणजे आठ किलोमीटर.’ त्यासाठी प्रत्येक पाऊल ८० सेंटिमीटरचं पडायला हवं. वरच्याच सूत्राने त्याला जवळजवळ सहा फूट पाच इंच उंची लागेल. साडेपाच फुटी माणसाचे साधारण सात किलोमीटर होतात, पाच फुटी बाईचे सव्वासहा. पळताना पाऊल लांबतं आणि हा हिशेब पुन्हा बदलतो. दहा हजार हा आकडाही लोकांच्या तोंडी बसला तो १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्रामुळे. त्याच्या नावातच दहा हजार होते.

‘घाटात चढामुळे अंतर कमी दिसतं.’ चढाचा वाटा किरकोळ आहे. शंभर मीटरला दहा मीटर चढ, म्हणजे चांगलाच दम काढणारा, तरी रस्त्याची लांबी सपाट १०० ऐवजी १००.५ मीटर होते. तोरणमाळच्या घाटात आकडा चुकतो तो वळणं कापली जातात आणि डोंगर अर्धं आकाश झाकतो म्हणून. पावलांवर चालणाऱ्या बँडचं उलटं: चढावर पाऊल आखूड पडतं, बँड मात्र तीच लांबी धरून बसतो, म्हणून त्यात अंतर जास्त दिसतं.

रेंजचा मुद्दा तर साफ चूक. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. मोबाइल टॉवरशी त्यांचा संबंध नाही. घड्याळ त्यांचं फक्त ऐकतं. नेट असलं की उपग्रहांची माहिती आधी मिळते आणि जागा लवकर सापडते, एवढंच. सातपुड्यातलं पाल असो की मनुदेवीचा परिसर, निघण्याआधी मोकळ्यात एक-दोन मिनिटं उभे राहा, जागा सापडू द्या, मग चाला.

ज्यांच्या गावात ट्रॅक नाही त्यांनी वर्गणी काढून लांब टेप आणावी, शाळेच्या पटांगणावर २०० मीटरचा घेरा मोजून चुना टाकावा आणि आठ फेऱ्या पळाव्यात. मोजणी दोनदा करा. टेप दोघांनी ताणून धरा. ती सैल पडली तर टेपवर २०० भरतात आणि घेरा तोकडा राहतो.