‘७२ तासांच्या बॅगे’त काय मावत नाही

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरू लागतो. ‘७२ तासांची जीवनरक्षक बॅग : आजच भरा, दाराशी ठेवा’ असा मथळा, खाली पंचवीस-तीस वस्तूंची यादी, मध्ये चार-दोन ‘रामबाण’ सूचना आणि शेवटी हमी, की एवढी बॅग असली तर तीन दिवस कुणाच्या मदतीची गरज नाही. मजकूर थोडाफार बदलतो, दावे तेच असतात. हेतू चांगला आहे, निम्म्या वस्तू कामाच्याही आहेत. पण ही यादी गाडीच्या डिकीत बॅग टाकून हमरस्त्याने निघून जाणाऱ्या कुटुंबासाठी बेतलेली दिसते. पंचगंगा, कृष्णा किंवा वाशिष्ठीकाठच्या घराला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. त्यातले दावे एकेक करून पाहू.

‘चौघांच्या कुटुंबाला तीन दिवस पुरेल असं सगळं एका बॅगेत बसतं.’

नुसत्या पाण्याचा हिशोब मांडा. पिण्यासाठी आणि जेमतेम स्वयंपाकासाठी माणशी रोज ३ लिटर धरले, तरी चौघांना तीन दिवसांचे ३६ लिटर होतात. म्हणजे ३६ किलो, आणि त्यात हातपाय धुणे, संडास धरलेलेच नाही. मेसेजमध्ये पाण्यापुढे लिहिलेले असते ‘बाटल्यांचा एक बॉक्स’. एक लिटरच्या १२ बाटल्यांचा तो बॉक्स चौघांना एक दिवस पुरतो, आणि तो पाठीवर घेऊन गुडघाभर पाण्यातून चालता येत नाही.

म्हणून आधी दोन गोष्टी वेगळ्या करायच्या : घरात थांबावे लागले तर लागणारा साठा आणि घर सोडताना उचलायची सॅक. यातले आधी काय लागेल, ते पाणी कसे येते त्यावर ठरते. कोल्हापूर-सांगलीत ते फुटाफुटाने चढते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी; सांगलीला आयर्विन पुलाशी हेच आकडे ४० आणि ४५. इथे बहुधा निघायला वेळ मिळतो, पण पाणी उतरायलाही दिवसच्या दिवस लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गच कित्येक दिवस बंद होता. उलट चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पहाटे पाणी इतक्या वेगाने चढले की बहुतेकांपुढे वरचा मजला गाठणे एवढाच मार्ग उरला. अशा गावात साठा तळमजल्याच्या दाराशी ठेवला तर पहिल्यांदा तोच वाहून जाणार. तो माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावरच हवा. मुंबईची गोष्ट आणखी निराळी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा असंख्य माणसे ऑफिसात, लोकलमध्ये, रस्त्यावर अडकली होती. घरातल्या बॅगेचा त्यांना काय उपयोग? रोजच्या पिशवीत पाण्याची बाटली, चिक्की, छोटी टॉर्च, दोन दिवसांच्या गोळ्या आणि कागदावर लिहिलेले चार फोन नंबर, एवढे असले तरी पुष्कळ.

सॅक मोठ्या माणसामागे ६-७ किलोच्या वर जाऊ देऊ नका. ती पाठीवरचीच हवी, कारण एक हात पोराला आणि एक कठड्याला लागतो. बचावाच्या बोटीत सामानाला जागा नसते, आणि नसावीच. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गच्च भरलेली बोट उलटली होती. सॅकच्या आत आधी जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला, सामान तिच्यात भरा, हवा काढून तोंडाला पीळ द्या, पीळ दुमडून रबर लावा. बाहेरचे ‘वॉटरप्रूफ’ कापड शिवणीतून पाणी घेते.

‘साठा संपला तर पुराच्या पाण्यात तुरटी फिरवा, नाहीतर चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाका.’

मेसेजमधला सर्वात घातक सल्ला हाच. तुरटी गाळ खाली बसवते. जंतू मारत नाही. वर आलेले नितळ पाणी बघून माणूस निर्धास्त होतो, आणि कावीळ-जुलाब तिथूनच सुरू होतात. तुरटी निरुपयोगी नाही, फक्त ती पहिली पायरी आहे. तुरटी फिरवून पाणी तासभर हलवायचे नाही, वरचे नितळ पाणी अलगद ओतून चारपदरी सुती कापडातून गाळायचे आणि मग उकळायचे. खळखळून उकळी आल्यावर ती पूर्ण एक मिनिट राहिली पाहिजे. भांड्याच्या तळाशी बुडबुडे दिसले म्हणजे उकळी आली असे नव्हे. इंधन नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा आशाताई वाटतात ते क्लोरीनचे थेंब वापरा. किती लिटरला किती, ते पाकिटावर किंवा बाटलीवर वाचायचे, अंदाजाने नाही. टाकल्यावर अर्धा तास थांबायचे. त्यानंतर पाण्याला क्लोरीनचा हलकासा वास आला पाहिजे. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो, म्हणून गाळणे आधी.

चिमटीचा हिशोबही करून बघा. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर १००० लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम लागते. म्हणजे २० लिटरच्या हंड्याला एका ग्रॅमचा विसावा भाग. चिमटीत त्याच्या कितीतरी पट येते आणि पाणी तोंडात धरवत नाही. याच्या उलटही घडते. गेल्या वर्षी उघडलेल्या, दमट हवेत पडून राहिलेल्या पिशवीतला क्लोरीन उडून गेलेला असतो आणि उरते ती नुसती पांढरी भुकटी. ही पावडर विहिरीला, टाकीला, मोजून टाकायची वस्तू आहे. हंड्यासाठी गोळ्याच.

आणि रसायन, मैला किंवा डिझेल मिसळलेले पाणी यातल्या कशानेही पिण्याजोगे होत नाही.

खरे तर मोठा साठा घराच्या छपरावरच असतो, आणि त्याबद्दल मेसेज एक शब्द काढत नाही. गच्चीवरच्या टाकीत ५००-१००० लिटर चांगले पाणी असते. ते बिघडते ते आपल्याच हाताने. जमिनीतल्या टाकीच्या झाकणातून पुराचे पाणी आत शिरते, वीज आल्यावर कुणीतरी सवयीने पंप चालू करतो, आणि ती घाण वर चढते. इशारा मिळताच वरची टाकी काठोकाठ भरून घ्या, पंपाचा फ्यूज काढून ठेवा आणि नळाच्या जोडणीचा व्हॉल्व्ह बंद करा. दाब गेलेली पाइपलाइन फटीतून गटाराचे पाणी ओढते. घरातला आरओ वीज गेली की भिंतीवरची शोभा.

‘आठवड्याचा तांदूळ-डाळ आणि भरलेला सिलिंडर असला की झालं.’

वरच्या मजल्यावर कोरड्यात अडकलात तर ठीक. पण किलोभर तांदूळ शिजवायला दोन लिटरच्या वर पाणी जाते, शिवाय भांडी घासायची. पहिल्या दोन दिवसांचे खाणे चूल न पेटवता होणारे हवे : पोहे, चुरमुरे, फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, दशम्या, खजूर, बिस्किटे. फरसाण कमी, खारट-तिखटाने पाणी जास्त लागते.

सिलिंडरचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या. रिकामी टाकी तरंगते हे सगळ्यांना ठाऊक असते. भरलेलीही तरंगते हे फार थोड्यांना. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस, वर लोखंडाचे १५-१६ किलो, म्हणजे एकूण ३० किलोच्या आसपास. पण तिचा आकार ३५ लिटरच्या घरातला. ३५ किलो पाणी बाजूला सारणारी ३० किलोची वस्तू बुडणार कशी? ओट्याखाली पाणी चढले की टाकी उचलली जाते, आडवी होते, रबरी नळीला हिसका बसतो आणि रेग्युलेटरपाशी गळती सुरू होते. तेव्हा पाणी अंगणात असतानाच रेग्युलेटर बंद करून काढा, दोरीने लटकणारी प्लॅस्टिकची टोपी तोंडावर घट्ट बसवा आणि टाकी उभीच ठेवून खिडकीच्या गजाला दोन ठिकाणी बांधा, वरच्या कडीशी आणि पोटाशी. पूर ओसरल्यावर पाण्यात बुडालेला रेग्युलेटर आणि नळी पुन्हा जोडू नका; बदलून घ्या.

हे वाचल्यावर यादीतल्या ‘मेणबत्त्या, १२ नग’ यांचे काय करायचे ते वेगळे सांगायला नको. डोक्याला लावायची टॉर्च घ्या. हात मोकळे राहतात.

‘पॉवर बँक भरलेली असली की मोबाईल तीन दिवस चालतो.’

पॉवर बँकेवर १०,००० एमएएच छापलेले असते ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे. ५ व्होल्टला चढवताना आणि तापून जाताना त्यातले फोनला ६,००० ते ६,५०० मिळतात. ५,००० एमएएचचा फोन एकदा भरून थोडे उरते. घरात चार फोन असतील तर एकच चालू ठेवा, बाकीचे बंद. रेंज नसताना फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. म्हणून विमान मोड लावा, दर दोन तासांनी पाच मिनिटे काढा. कॉल लागत नाही तिथे साधा एसएमएस कधीकधी जातो.

पण फोन भरलेला असला तरी टॉवर चालू असेलच असे नाही. वीज गेल्यावर टॉवर बॅटरीवर काही तास आणि पुढे डिझेल पोहोचेल तोवर चालतो. म्हणून सेलवरचा छोटा रेडिओ. तो तुमच्या घरात आकाशवाणीचे जवळचे केंद्र पकडतो का, ते आजच लावून बघा. सेल आत घालून ठेवू नका. ते गळतात आणि पत्र्या गंजतात. कागदावर ११२, रुग्णवाहिकेचा १०८, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, मुंबईत महापालिकेचा १९१६ आणि दोन नातेवाइकांचे नंबर लिहा, कारण आता बायकोचाही नंबर कुणाला पाठ नसतो.

‘कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये आहेत, पैसे यूपीआयवर.’

दोन्ही नेटवर्कवर चालतात. रोख दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटांत ठेवा; पुरात पाचशेची मोड कुणी देत नाही. कागदांच्या बाबतीत आधी लागते काय, ते बघा. पंचनाम्याच्या वेळी तलाठी मागतो आधार, रेशनकार्ड, बँक पासबुकाचे पहिले पान, घरपट्टीची पावती किंवा वीजबिल आणि शेतकऱ्याचा सातबारा. या सगळ्यांच्या झेरॉक्स दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत घाला. पावसाळ्याआधी प्रत्येक खोलीचे, फ्रिज-मोटारीसह, फोटो काढून गावाबाहेरच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. पाणी उतरल्यावर भिंत धुण्याआधी पाण्याची रेघ आणि शेजारी धरलेली मोजपट्टी असा फोटो घ्या. उत्साहाने घर धुऊन काढले आणि मग पंचनामा आला, तर दाखवायला काही उरत नाही.

‘प्रत्येकासाठी एक अँटिबायोटिकचं पाकीट ठेवा.’

कशासाठी, किती, कुणाला, हे न सांगता? पुराच्या पाण्यातून चालल्यावर खरी भीती लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदीर-जनावरांच्या लघवीतून पाण्यात उतरणाऱ्या जंतूंच्या तापाची, विशेषतः पायाला जखम असेल तर. त्यासाठी डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. पण गरोदर बाईला आणि लहान मुलांना ती तशी चालत नाही. पाण्यातून चालावे लागले तर ७२ तासांच्या आत आरोग्य केंद्रात जा. मेसेजमधला ७२ चा आकडा खरा इथे लावायला हवा होता.

सॅकमध्ये हवीत ती रोजची औषधे, किमान १० दिवसांची, चिठ्ठीच्या झेरॉक्ससह. ओआरएस पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात, ग्लासभर पाण्यात अख्खे पाकीट नको. ते नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. वीज गेली म्हणून इन्सुलिन बर्फात पुरू नका. गोठले की वाया गेले. वापरातली कुपी सावलीत, ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात साधारण चार आठवडे टिकते.

यादीत चाकू आहे, शिट्टी आहे, चंदेरी ब्लँकेट आहे. जुना चष्मा, सॅनिटरी पॅड आणि आजोबांच्या कवळीची डबी नाही.

‘साप चावला तर दोरीने आवळा आणि ब्लेडने चीर द्या.’

दोन्ही नको. पुरात साप कोरड्या जागी, म्हणजे घरातच येतात, हे खरे. पण आवळल्याने हात-पाय सडू शकतो. चिरल्याने रक्तस्राव होतो आणि घोणस, फुरसे यांच्या विषात तो थांबत नाही. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा, चावलेला भाग फळीला बांधून हलू देऊ नका, आणि प्रतिविष असेल त्या रुग्णालयात पोहोचवा.

‘बॅग एकदा भरली की निश्चिंत.’

पॉवर बँक पडून पडून उतरते, दर तीन महिन्यांनी भरावी लागते. बिस्किटांची तारीख जाते, क्लोरीनच्या गोळ्यांचीही. बीपीची गोळी डॉक्टरांनी बदललेली असते आणि सॅकमध्ये जुनीच असते. मे अखेर एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा सगळी सॅक जमिनीवर ओता. मुलांच्या चपला तेव्हा घालून बघा; पहिलीत असताना ठेवलेली चप्पल तिसरीतल्या पोराला होत नाही.